डोळा कुठे लावायचा?

मागे एकदा २८ फेब्रुवारीला, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाला, लेकीला घेऊन खोडदला गेलो होतो. आमचं घर घोडेगावात. तालुक्याचं नाव आंबेगाव, पण मूळ आंबेगाव गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, आणि तालुक्याचा कारभार चालतो घोडेगावातून. तिथून मंचरला यायचं, नाशिक रस्त्याला लागायचं, नारायणगावहून पूर्वेला वळलं की थोड्या वेळात द्राक्षांच्या बागांमागे त्या प्रचंड जाळीदार तबकड्या दिसायला लागतात. आमच्या घरात त्यांना 'छत्र्या' म्हणतात. विज्ञान दिनाला तिथे शाळांच्या बसगाड्यांची रांग लागते, पोरं आपापले प्रयोग मांडून बसतात, आणि मोबाइल बंद करा म्हणून सगळ्यांना सांगितलं जातं.

लेक तेव्हा आठ वर्षांची होती. तबकडीखाली उभं राहून तिने बराच वेळ वर बघितलं आणि विचारलं, "बाबा, ही दुर्बीण आहे ना? मग डोळा कुठे लावायचा?"

मी हसलो. आजूबाजूचे दोघेतिघेही हसले. पण परत येताना गाडी चालवता चालवता लक्षात आलं की प्रश्न अगदी नेमका होता. एवढ्या मोठ्या यंत्राला माणसाचा डोळा शेवटी कुठे चिकटतो? उत्तर असं की एका खोलीत. एका टेबलामागे, एका खुर्चीत. दुर्बिणीबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. त्या खुर्चीबद्दल मात्र कुणी फारसं लिहीत नाही. म्हणून आजचा शनिवार खुर्चीचा. आणि खरं सांगायचं तर या विषयात माझा स्वतःचाही एक हिशोब चुकता करायचा राहिलाय. तो शेवटी सांगतो.

आधी दुर्बीण. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या एनसीआरए या पुण्याच्या केंद्राने ती नव्वदच्या दशकात बांधली आणि २००१ साली ती राष्ट्राला अर्पण झाली. एकूण ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यातल्या १४ मध्यभागी साधारण एक किलोमीटर लांबी-रुंदीच्या जागेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंवर, लांबवर शेतांमधून पसरलेल्या. सगळ्या तबकड्यांना आलेला संदेश ऑप्टिकल फायबरमधून खोडदच्या मुख्य इमारतीत येतो आणि तिथे एकत्र केला जातो.

या सगळ्यामागचा माणूस म्हणजे प्रा. गोविंद स्वरूप (१९२९ ते २०२०). त्यांची खरी करामत जाळीत आहे. ४५ मीटरची तबकडी भरीव पत्र्याची केली असती तर तिच्यावर वाऱ्याचा एवढा दाब आला असता की तिला पेलायला भलामोठा सांगाडा लागला असता, आणि पैसा तर विचारूच नका. स्वरूप यांनी विचार असा केला की आपल्याला पकडायच्या आहेत लांब लहरी, साधारण वीस सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंतच्या. त्यांना पत्रा आणि बारीक जाळी सारखीच! मग ०.५५ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी घ्यायची, १० ते २० मिलिमीटरची भोकं ठेवायची आणि ती ताणलेल्या तारदोरांवर बसवायची. लहर अडकते, वारा निघून जातो. सांगाडा हलका होतो, खर्च आवाक्यात येतो. हा 'वारा जाऊ द्यायचा' मुद्दा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ती खोली. दुर्बीण दिवसरात्र चालते, म्हणून तिथे पाळ्या असतात. रात्री तीन वाजताही कुणीतरी पडद्यासमोर बसलेलं असतं. कुठली तबकडी आकाशात कुठे बघतेय, कुठली अडकली, वारा किती वाढला. वारा मर्यादेबाहेर गेला तर तबकड्या सरळ वर तोंड करून उभ्या कराव्या लागतात. शिवाय खोडदला एक वेगळीच पंचाईत आहे. तिथे नियंत्रणासाठी जे संगणक लागतात ते स्वतःच रेडिओ लहरी सोडतात, आणि दुर्बिणीला ऐकायचे आहेत आकाशातून येणारे अतिशय क्षीण आवाज. त्यामुळे तिथली गोंगाट करणारी यंत्रं धातूच्या कवचात बंद करून ठेवावी लागतात. म्हणजे खोली माणसाला सोयीची हवी आणि दुर्बिणीला शांतही हवी.

याच ठिकाणी १९ ऑक्टोबर २०१६ ला एक विलक्षण गोष्ट घडली. युरोपीय अवकाश संस्थेचं 'स्कियापारेली' नावाचं यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण रेडिओ संदेश थेट पृथ्वीवर पकडायचं काम खोडदकडे होतं, नासाच्या जेपीएलची खास यंत्रणा त्यासाठी बसवलेली होती. मंगळावरून संदेश यायला त्या दिवशी साधारण पावणेदहा मिनिटं लागत होती. संदेश मिळाला. यान वातावरणात शिरलं, पॅराशूट उघडलं, तेही इथे कळलं. आणि मग, उतरायच्या जरा आधी, संदेश थांबला. यान आदळलं होतं.

चौकशी झाली. कारण असं निघालं की यानाचा फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण साधारण सेकंदभर त्याच्या कमाल आकड्यावर अडकून बसलं. संगणकाने त्यावरून हिशोब केला की आपली उंची शून्याच्याही खाली आहे, म्हणजे आपण जमिनीच्या आत आहोत! त्याने पॅराशूट सोडून दिलं आणि इंजिनं बंद केली. प्रत्यक्षात यान अजून साडेतीन किलोमीटरहून जास्त उंच होतं.

यात मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. त्या यानात माणूस नव्हता, त्यामुळे चौकशीला उपकरण, सॉफ्टवेअर, गृहीतकं, चाचण्या हे सगळं खणावंच लागलं. समजा आत पायलट असता आणि त्याने चुकीच्या काट्यावर विश्वास ठेवून इंजिन बंद केलं असतं तर? अहवालाची पहिली ओळ तुम्हीही सांगू शकता. मानवी चूक. आणि बहुतेक वेळा तीच शेवटची ओळही असते.

ही सवय मोडायला सुरुवात झाली दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बर विमानांचे पायलट विमान उतरवल्यावर फ्लॅप वर घ्यायच्या ऐवजी चाकंच वर घ्यायचे. म्हणजे सुखरूप उतरलेलं विमान धावपट्टीवर पोटावर बसायचं. पायलट थकलेले, बेफिकीर, नवखे... सगळी कारणं देऊन झाली. १९४३ साली आल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन बघितलं. चाकांचा स्विच आणि फ्लॅपचा स्विच शेजारी शेजारी, दिसायला अगदी सारखे. ज्या विमानांत ते वेगळे होते तिथे ही चूक होत नव्हती. त्याने काय केलं, चाकांच्या दांड्याला रबराचं छोटं चाक लावलं आणि फ्लॅपच्या दांड्याला पाचरीसारखा आकार दिला. अंधारात, न बघता, हाताला कळायला लागलं. संपला प्रश्न!

पुढे १९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी नियंत्रणं हाताळताना झालेल्या ४६० तथाकथित 'पायलटच्या चुका' गोळा करून तपासल्या. त्यांत वेगवेगळ्या पायलटांच्या त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या. आता तुम्हीच सांगा, वेगवेगळी माणसं एकाच जागी ठेच खात असतील तर पाय तपासायचे की रस्ता?

इंग्लंडमध्ये त्याच सुमारास दुसरा प्रश्न होता. रडारच्या पडद्यासमोर तासन् तास बसलेले सैनिक समोर आलेली पाणबुडी चुकवायचे. नॉर्मन मॅकवर्थने केंब्रिजमध्ये त्यासाठी एक साधं घड्याळ बनवलं. आकडे नसलेली तबकडी, त्यावर एक काटा, दर सेकंदाला एक घर पुढे. कधीतरी तो एकदम दोन घरं उडी मारायचा, की बघणाऱ्याने बटण दाबायचं. बस, एवढंच. तगडे, चांगल्या नजरेचे, मनापासून काम करणारे लोक घेतले होते. तरीही पहिल्या अर्ध्या तासातच नजर ढिली व्हायला लागली, उड्या निसटायला लागल्या. हे १९४८ साली छापून आलं. म्हणजे 'जागा राहा, लक्ष दे' असं सांगून काही होत नाही हे कळून आता पाऊणशे वर्षं होऊन गेली. तरी आपण सांगतोच.

आता थोडं दवाखान्यात जाऊ, कारण तिथेही डोळ्याचाच खेळ आहे. क्ष-किरण सापडले १८९५ च्या नोव्हेंबरात. पुढची पन्नासेक वर्षं डॉक्टर शरीराच्या आतली हालचाल बघायचे ती एका मंद चमकणाऱ्या पडद्यावर, आणि पडदा एवढा मंद की उजेडातून आलेल्या माणसाला काहीच दिसायचं नाही. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मग काय, डॉक्टरांनी अर्धा अर्धा तास काळोखात बसून राहायचं? १९१६ साली विल्हेल्म ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने तोडगा काढला, लाल काचेचा चष्मा. अंधारात बघणाऱ्या पेशींना लाल प्रकाश जवळजवळ जाणवत नाही. त्यामुळे लाल चष्मा घालून डॉक्टर बाहेरच्या उजेडात कामं करत हिंडायचे आणि आत गेल्यावर चष्मा काढला की डोळे तयार! प्रतिमा उजळ करणारी नळी १९४८ साली तयार झाली आणि पन्नास-साठच्या दशकांत दवाखान्यांत रुळली, मग हळूहळू लाल चष्मे गेले.

मला ही गोष्ट फार आवडते. यंत्राचा मंदपणा इथे माणसाने स्वतःच्या डोळ्यांवर घेतलाय, पण निदान कुणीतरी डोळ्याचा अभ्यास करून त्याला हत्यार दिलंय. आता फिल्मची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली. सीटी आणि एमआरआयच्या शेकडो चित्रांतून दिवसभर माऊस फिरवत जायचं. त्या खोलीत उजेड किती असावा याचाही अभ्यास झालाय. पूर्ण काळोख वाईट, ट्यूबलाइटचा झगझगाट त्याहून वाईट, साधारण २५ ते ५० लक्स एवढा मंद उजेड ठीक, आणि खिडकीची किंवा दिव्याची तिरीप पडद्यावर पडता कामा नये. टेबल वरखाली होणारं असावं, म्हणजे थोडा वेळ उभं राहून काम करता येतं. या गोष्टी चैनीच्या वाटतात. पण निसटलेला ठिपका कुणाच्या तरी फुप्फुसातला असतो.

माझी मावसबहीण एका दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन होती. उंचीने बेताची. तिथली खुर्ची एवढी उंच की तिचे पाय टेकायचे नाहीत, म्हणून तिने पायाखाली फिल्मचा रिकामा खोका ठेवलेला. खुर्ची खाली होत नव्हती, आणि खाली केली असती तर टेबल उंच झालं असतं. आठ तास पाय लोंबकळत. अशा वेळी मांडीच्या मागच्या बाजूला खुर्चीची कड रुतते, पायांना मुंग्या येतात, माणूस पुढे सरकून बसतो, मग पाठीला आधार राहत नाही. तिची कंबर गेली ती अशी. हे काही फक्त तिच्याच बाबतीत नाही. आपल्याकडची पुष्कळ मापं परदेशी पुरुषाच्या अंगावर बेतलेली. भारतीय माणसांची, बायकांचीही, गुडघ्यापासून पाऊल, बसल्यावरची उंची, हाताचा पल्ला अशी मापं घेऊन केलेलं देबकुमार चक्रवर्ती यांचं पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली प्रसिद्ध केलं. म्हणजे माप उपलब्ध आहे. ते खरेदीच्या कागदावर उतरत नाही एवढंच.

आता मोठ्या खोल्यांकडे. २८ मार्च १९७९, पहाटे चार. अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्र. एक झडप उघडली आणि बंद व्हायच्या ऐवजी अडकून उघडीच राहिली. अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी त्यातून जायला लागलं. नियंत्रण कक्षातला दिवा सांगत होता की झडप बंद आहे. खरं तर दिवा एवढंच सांगत होता की 'बंद हो' असा हुकूम गेलाय. झडपेने तो ऐकला की नाही हे सांगणारं काहीच नव्हतं! (प्रोग्रामर मंडळींनी इथे जरा थांबावं. आपण 'सेव्ह झालं' म्हणून हिरवी खूण दाखवतो ती नक्की कधी दाखवतो?) पहिल्या काही मिनिटांत शंभरहून जास्त अलार्म वाजले. अलार्म छापणारा प्रिंटर एका वेळी दोन तासांहून मागे पडला. गळती कळली असती अशा टाकीचा काटा मुख्य पॅनेलच्या मागच्या बाजूला होता. दुसऱ्या एका झडपेच्या दिव्यावर दुरुस्तीचं लोंबतं कार्ड आलेलं. शेवटी दोन तास वीस मिनिटांनी, नव्या पाळीला आलेल्या एका माणसाच्या शंकेमुळे, गळणारा रस्ता बंद झाला.

ऑपरेटर चुकले हे खरंच. पण अध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या केमेनी आयोगाने तिथे थांबायला नकार दिला. प्रशिक्षण, खोलीची मांडणी, दिवे, कंपनी, नियामक, सगळं तपासलं. नियंत्रण कक्षाची रचना हा गंभीरपणे घ्यायचा विषय झाला तो खऱ्या अर्थाने तिथून.

तरी धडा पुन्हा शिकावा लागला. २४ जुलै १९९४, वेल्समधल्या मिलफर्ड हेवनचा तेलशुद्धीकरण कारखाना. स्फोटाच्या आधीच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले. भागाकार करून बघा, अडीच सेकंदाला एक पडतो. वाचायला तरी होईल का? त्यानंतर १९९९ साली ब्रिटनमध्ये अलार्मसाठी मार्गदर्शक पुस्तिका निघाली. तिचा अंदाज असा की एका ऑपरेटरला एरवी सरासरी दहा मिनिटांत एक अलार्म झेपतो. नियंत्रण कक्षांसाठी आयएसओ ११०६४ हे आंतरराष्ट्रीय मानकही त्याच वर्षापासून भागाभागाने यायला लागलं. खोलीची आखणी, टेबलांची मापं, पडदे, उजेड, आवाज, सगळं त्यात आहे. पण सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट साधी आहे, इथे बसणारा माणूस नक्की काय काम करतो ते आधी बघा, फर्निचर नंतर.

आपल्याकडे हे कुणाला कळत नव्हतं असं मुळीच नाही. रेल्वेचा सेक्शन कंट्रोलर घ्या. त्याच्यापुढे एक लांबलचक कागद असायचा. आडवी वेळ, उभी स्टेशनं. कानाला हेडफोन, हातात पेन्सिल. स्टेशनमास्तर सांगणार गाडी आली, गाडी गेली, की हा रेघ पुढे ओढणार. जलद गाडीची रेघ खडी, मालगाडीची निवांत. दोन रेघा कुठे छेदणार ते आधीच दिसायचं, म्हणजे कुणाला कुठे बाजूला घ्यायचं ते ठरवता यायचं. अख्खी पाळी एका कागदावर! आणि हात सतत चालू असल्यामुळे मॅकवर्थच्या घड्याळासारखं नुसतं टक लावून बसणं नव्हतं. आता ते काम संगणकावर आलं, रेघा आपोआप उमटतात, आणि ते चांगलंच झालं. पण संगणकाने हातातलं काम काढून घेतलं की माणसाचं काम 'बघत बसणं' एवढंच उरतं, आणि माणूस नेमका त्यातच कच्चा. ज्याने पेन्सिल काढून घेतली त्याने हा प्रश्नही सोडवायला हवा.

आणि आता माझा हिशोब.

२००८ साल. मी पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो. आम्ही नाशिक रस्त्यावरच्या एका कारखान्याच्या कंट्रोल रूमसाठी अलार्मचा पडदा बनवून दिला. प्रोग्राम माझा. सगळे अलार्म लाल, सगळ्यांचा आवाज एकच, नवीन आला की वर, जुना खाली ढकलला जाणार. आणि एक बटण, 'सगळे मान्य'. ते बटण दाबलं की यादी शांत. डेमोला साहेब लोकांनी त्या बटणाचं कौतुक केलं होतं. मी खूश.

त्या कारखान्यात पॅनेलवर एक गृहस्थ होते, आमच्याच तालुक्यातले. मी त्यांना काका म्हणायचो. रोज एसटीने जाऊन येऊन पाळ्या करायचे. एका रात्रपाळीत एक महत्त्वाचा अलार्म आला, काकांनी तो मान्य केला, आणि पुढे काहीच केलं नाही. कुणाला इजा झाली नाही, पण माल बराच वाया गेला. आमच्याकडे लॉग मागितला गेला. मी काढून दिला. पहाटे ३ वाजून १७ मिनिटांनी अलार्म, त्याच मिनिटाला 'मान्य'. स्वच्छ पुरावा. काकांना मेमो मिळाला, पॅनेलवरून काढून गोदामात टाकलं. आणि गावाकडे बातमी पोचली ती एका शब्दात. झोपला.

दोनेक वर्षांनी थ्री माइल आयलंडबद्दल वाचत होतो आणि वाचता वाचता पोटात खड्डा पडला. जुन्या बॅकअपमधून तो लॉग पुन्हा काढला. या वेळी एक ओळ नाही बघितली, आधीचा पूर्ण तास बघितला. त्या एका तासात काकांनी ते बटण ६३ वेळा दाबलं होतं. म्हणजे दर मिनिटाला एकदा, वर तीन. झोपलेला माणूस हे करत नाही. बहुतेक अलार्म एकाच बिघडलेल्या सेन्सरचे होते, चालू-बंद चालू-बंद. त्यांच्या गर्दीत खरा अलार्म आला, त्याच लाल रंगात, त्याच आवाजात, आणि माझ्याच बटणाने गेला. मग ती खोलीही आठवली. पडदा भिंतीवर उंच लावलेला, कारण काचेपलीकडून साहेबांना दिसला पाहिजे. फिरती खुर्ची मोडलेली, म्हणून काका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर घोंगडी घडी करून बसायचे, मान वर करून. हे सगळं मी २००८ सालीही डोळ्यांनी बघितलं होतं. पण मला ते माझ्या प्रोग्रामचा भाग वाटलंच नव्हतं.

मी माझ्या आधीच्या साहेबांना पत्र लिहिलं, लॉग जोडला. उत्तर आलं नाही. तोपर्यंत तो पडदा बदललाही गेला होता, म्हणे. मग दिवाळीत घोडेगावला गेलो तेव्हा काकांच्या घरी गेलो. कागद दाखवला, चूक माझी होती असं सांगितलं. ते बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, "बटण दाबलं की आवाज बंद व्हायचा रे. शेवटी शेवटी आवाज बंद करणं हेच काम झालं होतं." आणि काकूंना हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का, मी झोपलो नव्हतो. हा लिहून घेऊन आलाय." तो कागद त्यांनी मागून ठेवून घेतला. चहा झाला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आज कुठलाही अलार्म लिहिताना मी तीन प्रश्न विचारतो. हा आल्यावर माणसाने नक्की काय करायचं? काहीच करायचं नसेल तर तो अलार्म कशाला? आणि तो माणूस बसलाय कशावर, बघतोय कुठून? तिसऱ्या प्रश्नाला मीटिंगमध्ये अजून लोक हसतात. :-) हसू देत.

परवा लेकीला, आता कॉलेजात आहे, खोडदच्या त्या प्रश्नाची आठवण करून दिली. तिला आठवत नव्हतं. मी तिला जाळीबद्दल सांगितलं. स्वरूप सरांनी तबकडी मजबूत करायच्या आधी तिच्यावर कशाकशाचं ओझं येऊ द्यायचं ते ठरवलं. हवी ती लहर अडवली, बाकी वारा सोडून दिला. पुढे एसकेए या जागतिक रेडिओ दुर्बिणीसाठी 'टेलिस्कोप मॅनेजर', म्हणजे सगळ्या दुर्बिणीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, तिचं आरेखन करायचं काम आलं तेव्हा त्याचं नेतृत्वही एनसीआरएकडेच होतं. खुर्चीतल्या माणसापर्यंत काय पोचू द्यायचं हा प्रश्न त्या कामातही आहेच, आणि तो जाळीच्या प्रश्नापेक्षा सोपा नाही.

माझ्या २००८ सालच्या पडद्याला भोकंच नव्हती. सगळा वारा काकांच्या अंगावर.

असो. ऑफिसात सोमवारी गेलात की एकदा खुर्चीत नीट बसून बघा, पाय जमिनीला टेकतात का. आणि तुम्ही कुणासाठी पडदे बनवत असाल तर एकदा त्यांच्या खुर्चीतही बसून बघा, शक्यतो रात्री तीन वाजता.